ओकच्या पिंपात मद्य मुरते कसे?

भट्टीतून नुकतेच उतरलेले मद्य, मग ते जवाचे असो, उसाच्या मळीचे असो वा द्राक्षांचे, पाण्यासारखे रंगहीन असते. तेच मद्य काही वर्षे ओकच्या लाकडी पिंपात राहिले की सोनेरी किंवा तांबूस होते, जिभेला झोंबणारी त्याची धार कमी होते आणि त्याला व्हॅनिला, नारळ, सुके खोबरे, मसाला यांची आठवण करून देणारे गंध येतात. बाहेरून त्यात काहीही मिसळलेले नसताना हा बदल कोठून येतो, हे पहिले कोडे आहे. दुसरे कोडे त्याहून विचित्र आहे. ज्या पिंपातून द्रवाचा एक थेंबही गळत नाही, त्याच पिंपातील मद्य दर वर्षी थोडे थोडे कमी होत जाते. या दोन्ही कोड्यांचे उत्तर ओकच्या लाकडाच्या रचनेत, त्या लाकडाला दिलेल्या आचेत आणि पिंपाच्या जोडणीत सापडते.

हा विषय केवळ मोठ्या उद्योगांचा नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या वापरापुरते मद्य घरी गाळणे कायदेशीर आहे आणि अशा घरगुती मद्यासाठी पाच-दहा लिटरची लहान पिंपे विकत मिळतात. त्यामुळे कोणते पिंप घ्यावे, त्याला बूच आणि तोटी कशाची असावी, मद्य किती काळ मुरू द्यावे, हे प्रश्न तेथे घरच्या पातळीवर पडतात. भारतात ही मुभा नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तरीही गोव्यातील कुंकळ्ळी किंवा बंगळुरू येथील परवानाधारक कारखान्यांत सिंगल माल्ट व्हिस्की ज्या नियमांनी मुरते, तेच नियम न्यूझीलंडमधल्या घरातल्या लहानशा पिंपालाही लागू पडतात.

ओकच का?

झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांना वाहिन्या म्हणतात. बहुतेक लाकडांत या नळ्या मोकळ्या राहतात आणि द्रव त्यांतून झिरपत बाहेर येतो. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील लाकडात मात्र शेजारच्या पेशी या नळ्यांत फुग्यांसारख्या वाढतात आणि त्या बुजवून टाकतात. वनस्पतिशास्त्रात या बुजवणीला टायलोसिस असे नाव आहे. अमेरिकेतील लाल ओकमध्ये ही बुजवणी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याच्या तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकले तर हवा दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. एकाच कुळातले असूनही लाल ओकचे पिंप गळते आणि पांढऱ्या ओकचे गळत नाही, याचे कारण हे आहे.

खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांनाही महत्त्व आहे. त्यांना किरण म्हणतात आणि ओकमध्ये ते विशेष रुंद असतात. फळी अशा रीतीने कापली जाते की हे किरण फळीच्या रुंदीला समांतर राहतात आणि द्रवाच्या वाटेत आडव्या भिंती उभ्या केल्यासारखे होते. युरोपातील ओकमध्ये वाहिन्यांची बुजवणी अमेरिकी ओकच्या मानाने कमी असल्यामुळे तेथे लाकूड करवतीने न कापता तंतूंच्या दिशेने फोडून घेतात, जेणेकरून एकही वाहिनी आतून बाहेर जाणारी राहू नये. अमेरिकी पांढरा ओक करवतीने कापला तरी चालतो आणि म्हणून त्याचे पिंप स्वस्त पडते.

चवीतही फरक असतो. अमेरिकी ओकमध्ये नारळाचा गंध देणारे लॅक्टोन नावाचे पदार्थ अधिक असतात, तर युरोपीय ओकमध्ये तुरटपणा देणारे टॅनिन अधिक असते. फ्रान्समधील कोन्याक प्रांतात ब्रँडीसाठी लिमुझँ आणि त्रोंसे या वनांतील ओक वापरले जातात. लिमुझँचे लाकूड विरळ पोताचे असल्यामुळे टॅनिन लवकर सोडते, तर त्रोंसेचे लाकूड घट्ट पोताचे असल्यामुळे सावकाश देते.

वारा, पाऊस आणि आच

कापलेल्या फळ्यांचे लगेच पिंप होत नाही. चांगल्या कारखान्यांत त्या दीड ते तीन वर्षे उघड्यावर रचून ठेवतात; ऊन-पावसाने आणि लाकडावर वाढणाऱ्या बुरशीने त्यांतील उग्र टॅनिन बऱ्याच अंशी धुऊन जाते किंवा मोडते. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडात ते तसेच राहते आणि पुढे मद्यात कडवटपणा आणते.

त्यानंतर फळ्या तापवून वाकवल्या जातात आणि पिंपाची आतली बाजू आचेवर धरली जाते. येथे दोन वेगळ्या क्रिया लक्षात घ्याव्या लागतात. पहिलीत लाकूड न जाळता सावकाश भाजले जाते. सुमारे १४० अंश सेल्सिअसपासून लाकडातील हेमिसेल्युलोज हा शर्करायुक्त घटक मोडू लागतो आणि त्यातून कॅरमेल व भाजलेल्या बदामासारख्या गंधाचे पदार्थ तयार होतात. उष्णता आणखी वाढली की लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा लिग्निन हा घटक मोडतो. त्यातून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच सुगंधी द्रव्य, आणि धुराचा वास असलेली द्रव्ये निघतात. दुसऱ्या क्रियेत पिंपाला आतून प्रत्यक्ष ज्वाळा लावून पृष्ठभागाचा कोळसा केला जातो. अमेरिकी पिंपांत ही जळण सुमारे १५ सेकंदांपासून ५५ सेकंदांपर्यंत असते आणि सर्वांत खोल जळलेला पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा भेगाळलेला दिसतो. बुर्बोन या अमेरिकी व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे ओकचेच पिंप वापरावे, असा तेथील नियम आहे. एकदा वापरलेली ही पिंपे पुढे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात, कारण तेथील व्हिस्कीला लाकडाचा सौम्य हात अधिक मानवतो.

पिंपात चालणारी तीन कामे

मुरण्याच्या काळात पिंपात तीन कामे एकाच वेळी चालतात, पण त्यांचा वेग सारखा नसतो आणि घरगुती पिंपाचे बहुतेक प्रश्न या वेगांच्या फरकातूनच उभे राहतात.

पहिले काम लाकडातून काढून घेण्याचे आहे. मद्य लाकडात काही मिलीमीटर शिरते, तापमान वाढले की अधिक आत जाते, उतरले की परत येते आणि येताना रंग, टॅनिन, व्हॅनिलिन, लॅक्टोन सोबत आणते. मद्याची तीव्रता येथे निर्णायक ठरते, कारण टॅनिन आणि शर्करा पाण्यात सहज विरघळतात, तर लॅक्टोनसारखे पदार्थ अल्कोहोलमध्ये. म्हणून दोहोंचा समतोल साधणाऱ्या तीव्रतेला पिंप भरतात; स्कॉटलंडमध्ये ६३.५ टक्के ही रूढ तीव्रता आहे आणि अमेरिकेत बुर्बोनसाठी कमाल मर्यादा ६२.५ टक्के आहे. घरगुती पिंपासाठी ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपासची तीव्रता सोयीची असते. उदाहरणार्थ, ६५ टक्क्यांचे मद्य ५५ टक्क्यांवर आणून पाच लिटरचे पिंप भरायचे असेल तर सुमारे ४.२३ लिटर मद्य घेऊन ते शुद्ध पाण्याने पाच लिटर करावे लागते.

दुसरे काम काढून टाकण्याचे आहे. जळलेल्या पृष्ठभागावरील कोळसा ताज्या मद्यातील गंधकयुक्त, कुजकट वासाची संयुगे शोषून घेतो. तिसरे काम हवेचे आहे. लाकडाच्या सूक्ष्म फटींतून आणि पिंपातील मोकळ्या जागेतून प्राणवायू मद्यात मिसळतो. अल्कोहोलचा काही भाग ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटिक आम्ल बनतो आणि ही आम्ले अल्कोहोलशी संयोग पावून फळांच्या गंधाची एस्टर नावाची संयुगे बनवतात. पहिले काम आठवड्यांत दिसू लागते, तिसऱ्याला मात्र वर्षे लागतात आणि मद्याचा खरा गोलाई आलेला स्वाद त्या तिसऱ्या कामातून येतो.

देवदूतांचा वाटा

दुसऱ्या कोड्याचे उत्तर याच फटींत आहे. द्रव अडवणारे लाकूड वाफेला पूर्णपणे अडवत नाही. पाण्याची आणि अल्कोहोलची वाफ लाकडातून बाहेर पडते आणि या घटीला व्यवसायात देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत ती वर्षाला सुमारे २ टक्के असते. बंगळुरूच्या हवामानात ती १० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणूनच भारतातील व्हिस्की तुलनेने थोड्या वर्षांत पिंपातून काढावी लागते. फार काळ ठेवल्यास बाटलीत भरण्याजोगे मद्यच उरत नाही.

घट कशाची होते हे हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून असते. हवा दमट असेल तर पाण्याला बाहेर पडण्यास फारसा वाव राहत नाही आणि अल्कोहोल अधिक उडते, त्यामुळे तीव्रता उतरते. स्कॉटलंडमध्ये हेच घडते. हवा कोरडी आणि गरम असेल तर पाणी अधिक उडते आणि उरलेले मद्य अधिक तीव्र होते. अमेरिकेतील केंटकी राज्यात गोदामांच्या वरच्या मजल्यांवर हे दिसते.

लहान पिंपाचे गणित

अमेरिकी प्रमाण पिंपात सुमारे २०० लिटर मद्य मावते आणि प्रत्येक लिटरला साधारण १०० चौरस सेंटीमीटर लाकडाचा स्पर्श मिळतो. त्याच आकाराचे पाच लिटरचे पिंप केले तर आकारमान चाळीसपट घटते, पण पृष्ठभाग तितका घटत नाही. चाळीसचे घनमूळ सुमारे ३.४ असल्यामुळे लहान पिंपातील प्रत्येक लिटरला जवळपास ३४० चौरस सेंटीमीटर लाकूड भिडते. साहजिकच रंग आणि टॅनिन अनेक पटींनी लवकर उतरतात, आणि काही आठवड्यांत गडद झालेले मद्य पाहून ते मुरले असा समज होतो. प्रत्यक्षात हवेचे संथ काम तेव्हा जेमतेम सुरू झालेले असते. त्याची वाट पाहत मद्य त्याच पिंपात ठेवले तर ते तुरट, लाकडाची फळी चावल्यासारखे लागते. शिवाय घटीचे प्रमाणही त्याच गणिताने वाढते.

यावर तीन उपाय रूढ आहेत. नव्या लहान पिंपातील पहिले मद्य दर आठवड्याला चाखून, लाकूड वरचढ होण्याआधीच काचेच्या बरणीत काढून ठेवावे. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला लाकूड मवाळ झालेले असल्यामुळे मद्य अधिक काळ राहू शकते. पिंप आधी काही काळ शेरी किंवा पोर्ट यांसारख्या वाइनने भरून ठेवल्यास त्याचा पहिला उग्रपणा निघून जातो. तिसरा उपाय पिंपच टाळण्याचा आहे. काचेच्या बरणीत भाजलेल्या ओकची काडी टाकली की लाकडाचे प्रमाण हवे तेवढेच ठेवता येते. दोन सेंटीमीटर जाड, तितकीच रुंद आणि दहा सेंटीमीटर लांब काडी ८८ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग देते, म्हणजे एका लिटरसाठी मोठ्या पिंपाच्या जवळपास तेच प्रमाण साधते. लाकडाचा भुसा किंवा बारीक तुकडे मात्र टाळावेत, कारण त्यांत वाहिन्यांची कापलेली तोंडे अधिक उघडी पडतात आणि टॅनिन भराभर उतरते. बरणीतून हवा आत येत नसल्यामुळे अधूनमधून झाकण उघडून द्यावे लागते. स्कॉच व्हिस्कीच्या नियमांत ही सवलत नाही. तेथे ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरणे बंधनकारक आहे.

बूच, तोटी आणि कड्या

पिंपाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत: ६० टक्क्यांच्या मद्यात ती विरघळते का, ओले-कोरडे होताना ती फट पाडते का, आणि ती पूर्ण स्वच्छ करता येते का.

बूच पिंपाच्या पोटावरील भोकात बसते आणि पिंप आडवे ठेवल्यावर ते वरच्या बाजूला यावे लागते. लाकडी बूच ओकपेक्षा मऊ लाकडाचे असावे. केंटकीत त्यासाठी पॉप्लर वापरतात, कारण ते ठोकल्यावर स्वतः दबते आणि फळी तडकत नाही. बुचाच्या लाकडातील वाहिन्या आडव्या असाव्यात, आतून बाहेर जाणाऱ्या नसाव्यात, नाहीतर बूचच गळतीची वाट होते. स्कॉटलंडमध्ये बुचाखाली तागाचे फडके घालण्याची रीत आहे. वारंवार चाखून पाहायचे असेल तर खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित सिलिकोनचे बूच अधिक सोयीचे, कारण ते हाताने निघते आणि भोकाची कड झिजत नाही. पिंप गळ्यापर्यंत भरू नये. तापमान २० अंशांनी वाढले तर मद्याचे आकारमान दीड टक्क्याहून अधिक फुगते आणि त्यासाठी मोकळी जागा लागते.

तोटी हा लहान पिंपाचा सर्वांत दुबळा भाग आहे. मोठ्या गोदामांतील पिंपांना तोटी नसतेच. नमुना बुचाच्या भोकातून नळीने काढतात, कारण प्रत्येक नवे छिद्र ही गळतीची नवी शक्यता असते. घरगुती पिंपाबरोबर बहुधा लाकडी तोटी येते. तिचा आतला भाग मद्यात भिजलेला आणि बाहेरचा हवेत सुकलेला राहतो, त्यामुळे तिच्या फिरत्या चावीभोवती पाझर सुरू होतो. ती बसवताना लाकडी हातोडीने हलके ठोकावे आणि पुढे पिळू नये. पितळी तोटी दिसायला देखणी असते, परंतु कातकामाला सोपे जावे म्हणून अनेक पितळांत थोडे शिसे मिसळलेले असते आणि मुरताना आम्लधर्मी झालेले मद्य महिनोन्‌महिने त्याला लागून राहते. म्हणून तोटी हवीच असेल तर ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि तळापासून थोडी वर बसवावी, म्हणजे कोळशाचा गाळ खाली राहतो. जस्ताचा मुलामा दिलेला भाग मद्याला लागता कामा नये, कारण आम्लात जस्त विरघळते. पीव्हीसीची नळी वापरू नये, कारण तिला लवचीक ठेवणारी रसायने अल्कोहोलमध्ये उतरतात. २०१२ साली चीनमधील बायज्यू या मद्यात अशी रसायने सापडल्यावर मोठा गदारोळ झाला होता.

फळ्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या बाहेर असल्यामुळे त्यांना मद्य लागत नाही, म्हणून त्या जस्ताच्या मुलाम्याच्या असल्या तरी चालतात. लोखंडाचा खिळा किंवा स्क्रू मात्र आतपर्यंत जाऊ नये. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई तयार होते, ती हिरड्यातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगातून. ओकमध्येही टॅनिन भरपूर असल्यामुळे उघडे लोखंड लागले की मद्य काळपट पडते.

शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या काही पिंपांना आतून मेण किंवा प्लास्टिकचा थर दिलेला असतो, तर काहींच्या फळ्या सरसाने चिकटवलेल्या असतात. अशा पिंपात मद्य फक्त साठते, मुरत नाही. खरे पिंप केवळ कड्यांच्या दाबाने आणि लाकडाच्या फुगण्याने बंद राहते.

भरण्यापूर्वीची तयारी

पावसाळ्यात घराचे लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसते, त्याच कारणाने कोरडे पिंप पाण्याने भरल्यावर आपल्या फटी स्वतः बुजवते. नवे पिंप आधी स्वच्छ पाण्याने विसळून कोळशाचे सुटे कण काढावेत, मग कड्या मधल्या फुगीर भागाकडे ठोकून आवळाव्यात आणि पिंप पाण्याने भरून एक ते तीन दिवस ठेवावे. सुरुवातीला अनेक जागी पाझर दिसतो आणि लाकूड फुगत जाईल तसा तो थांबतो. तीन दिवसांनंतरही एखादा ठिपका ओला राहिला तर बाहेरून ती जागा पुसून त्यावर मधमाश्यांचे मेण घासावे. पिंप रिकामे ठेवल्यास ते पुन्हा सुकते आणि फटी उघडतात, म्हणून एक भरणी काढताच दुसरी घालणे हाच त्याला जपण्याचा उत्तम मार्ग आहे. वाइनच्या पिंपात गंधक जाळण्याची रीत मद्याच्या पिंपाला लावू नये. आत उरलेल्या वाफेचा भडका उडू शकतो. ४० टक्के मद्याची वाफही सुमारे २६ अंश तापमानाला ज्योत मिळाल्यास पेट घेते, म्हणून पिंपाची जागा शेगडी आणि दिव्यापासून दूर असावी.

थोडक्यात

• लाकूड: गाभ्याचा पांढरा किंवा युरोपीय ओक, लाल ओक नको.
• तीव्रता: भरताना ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास.
• लहान पिंप: लाकडाचा स्पर्श साडेतीन पटींच्या जवळ, म्हणून दर आठवड्याला चव पाहणे आवश्यक.
• बूच: मऊ लाकूड किंवा प्रमाणित सिलिकोन, तोटी: शक्यतो नको, हवीच तर स्टेनलेस स्टीलची.
• टाळावे: आतपर्यंत गेलेले लोखंड, शिसेयुक्त पितळ, जस्ताचा आतून मुलामा, पीव्हीसी नळ्या, सरस आणि मेणाचा थर.

पिंपाला न जमणारे काम

ओकविषयी एक गैरसमज घातक आहे. पिंप वाईट मद्याला चांगले करते, अशी समजूत सर्वत्र आढळते. कोळसा काही दुर्गंध काढतो एवढ्यापुरतीच ती खरी आहे. मेथिल अल्कोहोल हे विष लाकूडही काढत नाही आणि काळही काढत नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात मेथिल अल्कोहोलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसांचे प्राण घेतले. असे मद्य कितीही वर्षे उत्तम ओकमध्ये ठेवले असते तरी ते तितकेच प्राणघातक राहिले असते. रंग आणि सुगंध हे मद्याच्या सुरक्षिततेचे प्रमाण कधीही मानू नये.

तसेच प्रत्येक मद्याला ओक मानवतो असेही नाही. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या गोव्याच्या काजू फेणीची ओळख बोंडांच्या उग्र, ताज्या गंधात आहे आणि भारी जळलेल्या पिंपाचा व्हॅनिला त्या गंधावर सहज मात करतो. म्हणून ज्या देशात कायदा परवानगी देतो तेथेही पिंप घेण्याआधी तीन गोष्टी निश्चित कराव्यात: मूळ मद्य निर्दोष आहे, त्याला लाकडाची गरज आहे, आणि वाट पाहण्याची तयारी आहे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर उत्तम ओक आणि महागडी तोटी यांवर केलेला खर्च वाया जातो.